थांब म्हणजे थांब

अजूनही कुणी मोठ्यानं 'थांब' म्हटलं की मी दचकून मागे वळते. मग ते कुणी रस्त्यात कुत्र्याला म्हटलेलं असो, नाहीतर दुकानदारानं गिऱ्हाइकाला. लोक म्हणतात, बाई, आता सोडा तो विषय. कसा सोडू? माझ्याच तोंडून निघालेल्या एका शब्दापायी माझ्या बहिणीची मुलगी त्या दिवशी जिवाला मुकली असती. हो, मुकलीच असती. गुळमुळीत बोलायची मला सवय नाही.

मी शाळेत संगणक शिकवते. तिसरीच्या मुलांना प्रोग्रॅमिंग. हे ऐकलं की लोकांच्या भुवया वर जातात. "एवढ्याशा पोरांना काय डोंबल कळणार?" अहो, तुमच्यापेक्षा जास्त कळतं! मोठ्या माणसाला पटवून द्यावं लागतं की यंत्र बिनडोक असतं, सांगाल तेवढंच करतं. लहान मुलाला ते एका दमात पटतं, कारण दिवसभर त्याच्याशीही लोक तसंच बोलत असतात. ऊठ, बस, हात धू, गप्प राहा.

भिंगरी त्याच वर्गात होती. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. हे नाव तिच्या आईनंच पाडलं होतं, कारण कार्टी एका जागी म्हणून बसायची नाही. दात घासताना गिरकी, जेवणाच्या टेबलाभोवती गिरकी. उन्हाळ्यात माझी बहीण गेली. सकाळी चांगली ठणठणीत होती, स्वयंपाकघरातलं कपाट पुसता पुसता कोसळली ती उठलीच नाही. भिंगरीचे बाबा बोटीवर असतात. ते आले, काही दिवस सुन्न बसून राहिले, आणि नोकरीपायी परत गेले. भिंगरी माझ्याकडे राहिली.

तिला सांगायचं काम माझ्याच वाट्याला आलं होतं. दवाखान्याच्या जिन्यात बसलो होतो दोघी. मी शब्दाला कधी अडत नाही, कुणालाही तोंडावर बोलते, पण तिथे माझी जीभच उचलेना. शेवटी डॉक्टर जे म्हणाले होते तेच म्हटलं, "राणी, आईचं हृदय थांबलं." ती म्हणाली, "मग?" मी म्हटलं, "मग काही नाही गं. थांबलं."

ती रडली नाही. गिरक्या मात्र बंद झाल्या. शाळेत विचारलं तरच बोलायची, तेही हो नाहीतर नाही. घरी संध्याकाळी खिडकीशी जी उभी राहायची ती मी हात धरून आत आणेपर्यंत. मला दुसरं काही नको होतं. ही पोरगी पुन्हा हलली पाहिजे, बडबडली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

शाळेत नवे संगणक आले ते भल्यामोठ्या खोक्यांतून. त्यातलं सगळ्यात मोठं खोकं मी उचललं, तळ कापून टाकला, डोळ्यांसाठी दोन भोकं पाडली. झाला आमचा यंत्रमानव! मुलानं ते डोक्यावरून घातलं की गुडघ्यापर्यंत नुसतं खोकं, खाली दोन पाय. वर्गाच्या फरशीवर खडूनं चौकटी आखल्या. बाकीच्यांनी हुकूम द्यायचे, आतल्यानं ते तंतोतंत पाळायचे. पुढे. डावीकडे. उजवीकडे. थांब. आणि थांबलेल्याला परत हलवायचं असेल तर सुरू. हे पाच शब्द मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवले.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, दारात येऊन बघत राहिल्या. "बाई, नवेकोरे संगणक येऊन पडलेत आणि तुम्ही पोरांना रिकाम्या खोक्यात कसलं घालताय?"

"संगणकाला हात लावायच्या आधी त्यांना एक कळू दे," मी म्हटलं. "चूक यंत्राची नसते, सांगणाऱ्याची असते."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

आता वर्गात एक मुलगा आहे, त्याला सगळे वकील म्हणतात. फाटे फोडण्यात त्याचा हात धरणारा नाही. त्या शुक्रवारी त्यानं हात वर केला तेव्हाच माझ्या कपाळावर आठी चढली.

"बाई, 'थांब' म्हणजे नक्की काय?"

"आता काय झालं?"

"बाबा 'थांब' म्हणतात तेव्हा पळायचं बंद करायचं असतं. आई 'थांब' म्हणते तेव्हा ती येईपर्यंत वाट बघायची असते. मग यंत्रानं कुठलं थांबायचं?"

प्रश्न सोन्यासारखा होता. तासभर त्याच्यावर शिकवता आलं असतं. पण वर्गात असह्य उकडत होतं, मागच्या बाकांवर ढकलाढकली चालली होती, माझं डोकं आधीच भणभणत होतं. "उगाच शब्दाचा कीस काढू नकोस!" मी खेकसले. "थांब म्हणजे थांब!"

तो खट्टू होऊन बसला आणि मग सूड म्हणून की काय, खोक्यातल्या मुलीला नावानं हाका मारायला लागला. ती वळून बघायची, सगळे खिदळायचे, खेळाचा पार विचका. तेव्हा मी टेबलावर डस्टर आपटून नवा नियम केला. "यंत्राला नाव नसतं! कुणी नावानं हाक मारू दे, गोंजारू दे, चॉकलेट दाखवू दे, ढिम्म हलायचं नाही. तोंडातून शब्द काढायचा नाही. आपले ठरलेले शब्द सोडले तर यंत्राला दुसरं काही कळत नाही. समजलं?"

"हो बाई," सगळे एका सुरात.

आणि तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरून एक हात वर गेला. भिंगरीचा. मी बघतच राहिले. पोरीनं आपण होऊन हात वर केला होता!

"बाई," ती म्हणाली. शाळेत मी तिची मावशी नसते, बाईच असते. "थांबलेल्या यंत्राला ऐकू येतं का?"

"येतं तर! नाहीतर 'सुरू' कसं ऐकेल ते?"

"सगळं ऐकू येतं?"

"सगळं."

"आणि कुणी 'सुरू' म्हणालंच नाही तर?"

"तर राहील बापडं तसंच उभं. आपणच विसरलो, त्याचा काय दोष?"

ती बाकावरून उठली. "मी होऊ यंत्र?"

काय सांगू तुम्हाला, मला आनंदानं भरून आलं. मी स्वतः ते खोकं तिच्या डोक्यावर चढवलं, भोकांतून तिचे डोळे दिसतात ना ते पाहिलं. हुकूम द्यायला वकिलालाच उभं केलं, म्हणजे त्याचाही रुसवा जाईल. तिला फळ्यापर्यंत न्यायचं होतं. पण ती त्याच्याकडे तोंड करून उभी होती, तिचं डावं ते त्याचं उजवं, आणि तो आपल्याच हाताकडे बघून सांगत सुटला. खोकं वळलं ते फळ्याकडे पाठ करून. "पुढे! पुढे! अरे, पुढे नाही! पुढे!" खोकं आपलं चाललंय. दारातून बाहेर, व्हरांडा ओलांडून, थेट समोरच्या अडगळीच्या खोलीत. वर्ग हसून हसून बेजार. मीसुद्धा डोळे पुसतच ओरडले, "थांब!"

आणि घंटा झाली. वेळ नसताना झाली म्हणून सगळे दचकले. ध्वनिक्षेपकावर मोठ्या बाईंचा आवाज आला, वाळवी मारणारे फवारणीवाले आजच आलेत, शाळा लवकर सोडतोय, मुलांनी शिस्तीत खाली यायचं. शिस्तीत कसलं! दोन्ही बाजूंच्या वर्गांतून लोंढा बाहेर पडला, माझी पोरं दप्तरं खांद्याला लावून त्यात मिसळली, मी दारात उभी राहून "हळू! ढकलू नका!" करत होते. भिंगरीला जाताना पाहिलं का? नाही पाहिलं. खोकं परत वर्गात टाकून गेली असेल, असंच धरून चालले. रोज ती व्हॅननं पुढे जायची, मी मागून.

मी संगणकांवर प्लास्टिक घालत बसले होते तेव्हा फोन आला. व्हॅनवाले काका.

"बाई, भिंगरी तुमच्याबरोबर येणार आहे का? मी गेटवर कधीचा थांबलोय, बाकीची पोरं कंटाळली."

"म्हणजे? ती आली नाही तुमच्याकडे?"

"नाही ना. म्हणून तर विचारतोय."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय असतं ते मला त्या क्षणी कळलं. मी आधी गेटवर धावले. शिपाईमामा शपथेवर सांगत होते की एकटं मूल कुणी बाहेर गेलेलं नाही, मी प्रत्येकाला बघून सोडलंय. म्हणजे आतच आहे. मग कुठे आहे? मुलींच्या बाथरूममध्ये प्रत्येक दार ढकललं. ग्रंथालय, खेळाचं सामान ठेवायची खोली, जिन्याखालची जागा. "भिंगरे! ए भिंगरे! कुठे लपलीस गं?" रिकाम्या इमारतीत माझाच आवाज फिरून माझ्याकडे येत होता.

आमच्या मजल्यावर फवारणीवाले अडगळीच्या खोलीच्या दाराशी सामान मांडत होते. दोघे होते, तोंडाला जाड मास्क. वाळवी सगळ्यात जास्त त्याच खोलीत लागलेली, म्हणून सुरुवात तिथूनच. मी त्यांना बाजूला सारून आत शिरले, दिवा लावला. मोडकी बाकं, गुंडाळलेले नकाशे, आणि संगणकांची रिकामी खोकी. काही छतापर्यंत रचलेली, काही नुसती जमिनीवर उभी. "भिंगरे!" मी हाक मारली. "आहेस का इथे?" कुणी ओ दिली नाही. मी दिवा बंद केला.

"आहे का कुणी, ताई?" फवारणीवाल्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "इथे कुणी नाही."

मी. माझ्या तोंडानं. त्यानं दार ओढून घेतलं आणि फटींवर रुंद चिकटपट्टी लावायला घेतली.

पुढचं आठवलं की अजून घाम फुटतो. शिपाईमामांनी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही नका बघू, मी बघतो." त्यांनी तसं म्हटलं आणि मी कठडा घट्ट धरला. टाकीत काही नव्हतं. पण तेवढ्या वेळात मी माझ्या बहिणीला काय तोंड दाखवू, बोटीवरच्या त्या माणसाला फोनवर काय सांगू, सगळं मनात येऊन गेलं. मोठ्या बाई पोलिसांना फोन लावत होत्या. एरवी फळ्यावर वाकडी ओळ दिसली तरी करवादणारी बाई, पण माझ्या पाठीवर हात ठेवून "सापडेल हो, सापडेल" म्हणत होती.

मी पुन्हा आमच्या मजल्यावर आले. का आले, मलाच ठाऊक नाही. पाय नेतील तिकडे चालले होते. फवारणीवाले विषारी धुराचं यंत्र आणायला खाली गेले होते. मी त्या चिकटपट्टी लावलेल्या दाराला पाठ टेकून मटकन खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले. लहान मूल रडावं तशी. "तुझ्या आईनं माझ्या भरवशावर टाकलं गं तुला," असलं काहीबाही मोठमोठ्यानं बोलत होते. ऐकायला कोण होतं तिथे?

फवारणीवाले यंत्र घेऊन आले, तशी मी उठले, डोळे पुसले, बाजूला झाले. त्यांचं तरी काम का अडवायचं? त्यांनी दाराच्या खालच्या फटीतून पाइप आत सारला. एकजण यंत्रापाशी गेला, दुसरा पाइपापाशी बसला.

"करू का सुरू?" यंत्रावरचा म्हणाला.

"थांब! पाइपाला पीळ बसलाय. मी सांगत नाही तोवर थांब."

मी वर्गाच्या दारात उभी होते. समोर फरशीवर खडूच्या चौकटी. टेबलावर माझं डस्टर. कोपऱ्यात प्लास्टिक घातलेले संगणक. आणि मला एकदम जाणवलं की या वर्गात एक वस्तू नाही. खोकं नाही.

सुरू. थांब. मी सांगत नाही तोवर.

पोरगी खोकं टाकून गेलीच नव्हती! मी 'थांब' म्हटलं होतं आणि त्यानंतर 'सुरू' कुणीच म्हटलं नव्हतं. मी दिवा लावून बघितलं, ती उभी खोकी, त्यातल्या एकाला पाय होते. आणि मी खुळ्यासारखी तिला नावानं हाका मारत होते, जे नाव यंत्राला नसतं असं मीच डस्टर आपटून बजावलं होतं!

"सुरू!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले. "सुरू!"

यंत्रावरच्या माणसाला वाटलं, त्यालाच सांगतेय. त्यानं खटका दाबला. यंत्र घरघरलं आणि पाइप फुगला. त्याच क्षणी बंद दाराच्या आतून आवाज आला. धप्. धप्. पुठ्ठ्याचा कोपरा लाकडावर आदळल्याचा.

"अरे, तुला नाही! थांब! थांब!" मी त्याच्यावर किंचाळले.

आतला आवाज थांबला.

देवा रे! तो माणूस खटका शोधत होता, दोन्ही हात हवेत, "ताई, एकदा सुरू म्हणता, एकदा थांब म्हणता, नक्की करू काय मी?" आणि आत धूर जात होता, आणि आत माझी भिंगरी माझा हुकूम पाळून जागच्या जागी उभी होती. मी तोंडावर हात दाबला. मला शब्दच उरला नव्हता. जो तिला बाहेर आणेल तोच धूर आत सोडेल, आणि जो धूर बंद करेल तोच तिला आत उभं करेल.

माझा आरडाओरडा ऐकून मोठ्या बाईंबरोबर धावत आलेल्या शिपाईमामांनी झेप घेऊन भिंतीतला प्लग उपसला. यंत्र गप्प झालं. मी दारावर तुटून पडले, नखांनी चिकटपट्टी ओरबाडली, कडी काढली, दार सताड उघडलं. पांढरट धुराचा भपका तोंडावर आला.

"सुरू," मी म्हटलं. "सुरू, सुरू, सुरू. पुढे."

धुरातून खोकं बाहेर आलं. खाली दोन पाय, एका पायातला मोजा घोट्यावर घसरलेला. ते सरळ चालत आलं, माझ्या बाजूनं गेलं, समोरच्या भिंतीला टेकलं आणि तिथेच पावलं टाकत राहिलं. मोठ्या बाईंच्या हातातला फोन खाली पडला.

मी खोकं उचलून भिरकावलं. आत ती होती. लालबुंद, घामानं निथळलेली, डोळ्यांतून पाणी, ठसका लागलेला. मी तिला छातीशी धरलं, मग लांब धरलं, मग गदागदा हलवलं. "मूर्ख! कार्टे! किती हाका मारल्या तुला! जीव गेला असता माझा! तुझा गेला असता!"

ती गप्प. खोकला दाबून माझ्याकडे बघत राहिली.

"बोल ना गं!"

तरी गप्प. मग मला उमगलं. "खेळ संपला," मी म्हटलं. "संपला, राणी. संपला खेळ."

तेव्हा कुठे तिनं तोंड उघडलं. "मी हलले नाही. तू भिंगरे म्हणालीस तरी नाही. तू दाराशी बसून रडत होतीस ना, तेव्हा मला यायचं होतं. पण 'सुरू' कुणी म्हणालंच नाही."

"अगं पण खेळ होता तो! अंधारात इतका वेळ कुणी उभं राहतं का वेड्यासारखं?"

"मला बघायचं होतं."

"काय बघायचं होतं?"

"थांबल्यावर ऐकू येतं का ते." मग तिनं माझी बाही धरली आणि जे बोलायला लागली ते मला वाटतं उन्हाळ्यापासून तिच्या आत साठलेलं होतं. "येतं, मावशी! खरंच सगळं ऐकू येतं. व्हरांड्यातलं पण. तू आईचं नाव घेतलंस ते पण. मग आईचं हृदय थांबलं तेव्हा तुम्ही सगळे नुसते रडत काय बसलात? कुणीच 'सुरू' का नाही म्हणालं?"

फवारणीवाल्यांनी तोंडावरचे मास्क खाली केले. मला वाटलं होतं, त्या दिवसातला सगळ्यात मोठा धक्का बसून झालाय. कसला! तो आता बसला.

उन्हाळ्यापासून ही पोर खिडकीशी उभी राहून काय करत होती ते मला आत्ता कळलं. मी माझ्या जिभेला घाबरले होते, खरा शब्द तोंडातून निघेना म्हणून दुसरा पुढे केला होता, आणि ती तो शब्द घेऊन बसली होती. थांब म्हणजे थांब. थांबलेलं परत सुरू होतं. मीच शिकवलं होतं तिला, फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून.

मी तिच्यासमोर फरशीवर बसले. मोठ्या बाईंनी मान हलवून मला खुणावलं, आत्ता नको म्हणून. पण आत्ता नाही तर कधी?

"भिंगरे, माझं ऐक," मी म्हटलं. "मी चुकीचा शब्द वापरला. आईचं हृदय थांबलं असं मी सांगितलं. ते तसं थांबलं नाही, तुझ्यासारखं. डॉक्टरांनी खूप खटपट केली, खूप म्हणजे खूप. ते परत चालू होणारच नव्हतं. आई मेली, राणी. मेलेल्या माणसाला ऐकू येत नाही."

हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता. मीसुद्धा नाही. तो ऐकून मलाच हिसका बसला.

ती माझ्याकडे बघत होती. "काहीच नाही ऐकू येत?"

"नाही."

"मी रोज म्हणते," ती पुटपुटली. "झोपताना. फोटोला. हळूच म्हणते, तू उठू नयेस म्हणून. मला वाटलं, माझा आवाज पोचत नाही."

मी तिच्या कपाळावर घामानं चिकटलेले केस मागे सारले.

"म्हणजे," ती म्हणाली, "म्हणजे आई थांबलीच नाही?"

"नाही गं, सोन्या. तिला थांबायचं होतं. खूप थांबायचं होतं. थांबता आलं नाही तिला."

मग ती रडली. उन्हाळ्यापासून पहिल्यांदा. हुंदके नाहीत, मुसमुसणं नाही, भोकाड पसरलं तिनं, हातपाय आपटले, मला गुद्दे मारले, "तू आधी का नाही सांगितलंस, आधी का नाही सांगितलंस" म्हणत मारले. मी मारू दिले. मोठ्या बाई पाण्याचा ग्लास धरून उभ्या होत्या, त्यातलं अर्धं पाणी त्यांच्याच साडीवर सांडलं होतं. शिपाईमामा भिंतीकडे तोंड करून होते.

ती दमून माझ्या खांद्यावर पडली तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं. यंत्रावरचा माणूस बराच वेळ चुळबुळत होता. शेवटी तो दोन पावलं पुढे आला.

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, "सगळ्या खोल्या नीट बघून घेतल्या आम्ही. आता आमचं काम करू का सु..."

पुढचं अक्षर त्यानं गिळलं. भिंगरीनं माझ्या खांद्यावरून डोकं उचललं, सुजलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, नाक पुसलं.

"करा," ती म्हणाली. "आम्ही घरी जातोय."

आणि माझ्या हुकमाची वाट न बघता माझा हात ओढत ती जिन्याकडे निघाली.